झटका कुणाचा?

गिअरबॉक्समधलं तेल बदलावं की बदलू नये, या प्रश्नावरून आम्ही दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं.

मी सोलापूरला, जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहणारा, हायस्कुलातून निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर. धाकटा दत्तू केमला शेती बघतो. दोघांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली होती. पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे माल भरायला हौदा, आणि मुख्य म्हणजे गिअर ऑटोमॅटिक! ऊस भरताना ट्रॉलीवरून पडून दत्तूचा डावा घोटा मोडला होता. क्लच दाबला की त्याला कळ यायची, म्हणून बिनक्लचची गाडी. सोमवार ते शुक्रवार ती केमला राबायची. शनिवारी दत्तू केळी घेऊन सोलापूरच्या बाजारात यायचा, आमच्याकडे मुक्काम करायचा, आणि रविवारी गाडी माझ्या ताब्यात. (रविवारी मी तिच्यातून कोथिंबीर आणायचो. एवढ्या मोठ्या हौद्यात ती एक जुडी फार एकटी वाटायची.)

सगळं छान होतं. खोट एकच, पहिल्या रविवारपासून झटके!

वेग कमी करायला गेलं की गाडी मानेवर चापट बसावी तशी थांबायची. माझी पत्नी सुनंदा शेजारी बसायची, तिच्या मांडीवरची पिशवी पायाशी जायची. मी शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. गाडी जुनी, तेल जुनं, म्हणजे दोष गिअरबॉक्सचा. उपाय, सर्व्हिसिंग! एका शनिवारी दत्तू आला, तेव्हा जेवताना मी सांगितलं.

"दत्तू, गिअरबॉक्स झटके देतोय."

"माज्याकडं तर देत न्हाय, आण्णा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं कुटं म्हनलो मी? माज्याकडं देत न्हाय, एवडंच म्हनलो की."

आता हे वाक्य साधं आहे. पण मोठ्या भावाच्या कानात शिरलं की त्याचा आकार बदलतो. मला ऐकू आलं, 'तुम्हाला गाडी चालवता येत नाही.' मीही मग गप्प बसलो नाही. "तू ती रानातनं, बांधावरनं कशीही हाकतोस. धूळ, चिखल... यंत्र आहे ते, बैल नाही!"

ताटातली भाकरी दत्तूनं मोडली, पण खाल्ली नाही. मला ते दिसलं. (दिसलं, पण मी तेव्हा तेलाच्या विचारात होतो.)

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर निम्मी माणसं सांगत होती, तेल ताबडतोब बदला, नाहीतर गिअरबॉक्स बसेल. उरलेली निम्मी सांगत होती, जुन्या गाडीचं तेल चुकूनही बदलू नका, नाहीतर गिअरबॉक्स बसेल. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं की हे तेल आयुष्यभर पुरतं. कुणाच्या आयुष्यभर? गाडीच्या की माझ्या? त्याबद्दल पुस्तक गप्प!

शेवटी आमच्या ओळखीचे मिस्तरी सलीमभाई यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बराच वेळ आतच ठेवलं, मग बाहेर काढून म्हणाले, "देखो मास्टरसाब, तेल बदल्या तो बी रिस्क है. नइ बदल्या तो बी रिस्क है."

"मग करायचं काय?"

"वो तुमे सोचको बोलो."

मी सोचलं आणि फोन लावला. दत्तू म्हणाला, "चालतंय ते चालू द्या, आण्णा. उगं उघडून ठेवली आनि बंद पडली तर मी माल कशात न्यावा?" मी म्हणालो, "तुला यंत्रातलं कळत नाही." तो म्हणाला, "व्हय, मला न्हाईच कळत," आणि फोन ठेवला. त्यानंतर बोलणं बंद. शनिवारी तो यायचा, किल्ली टीव्हीवर ठेवायचा, सुनंदाशी बोलायचा आणि झोपायचा.

अशातच दत्तूच्या मनीषाचा साखरपुडा ठरला. सोयरीक बार्शीची, कार्यालय सोलापुरात विजापूर रोडला. जेवणाची सोय कार्यालयातच होती, पण मठ्ठा मात्र आमच्या ओळखीच्या आचाऱ्याचा. सकाळी मोठं पातेलं हौद्यात चढलं. तोंडाला फडकं बांधलं. दत्तू फेटा बांधून किल्लीसाठी हात पुढे करत म्हणाला, "मी चालवतो."

"आज तू मुलीचा बाप आहेस," मी म्हणालो. "बाप गाडी चालवत नसतो. शेजारी बस."

माझा आवाज प्रेमळ होता. हेतू मात्र तसा नव्हता! बस शेजारी आणि खा झटके स्वतःच्या मानेवर, मग बघू कुणाला यंत्रातलं कळतं, असा तो हेतू. सुनंदा ओटीचं सामान मांडीवर घेऊन मागच्या सीटवर मधोमध बसली, आणि आमची वरात निघाली.

पहिल्या सिग्नलला झटका! दत्तूचा फेटा कपाळावर आला.

"बसला की नाही?" मी.

"बसला की," दत्तू डोळ्यांवरून फेटा सरकवत म्हणाला.

गतिरोधकाला दुसरा! मागून नारळ गडगडत पुढे आला. मी इतका खूश झालो होतो की तिसरा झटका मिळावा म्हणून रिक्षाच्या अगदी मागे जाऊन थांबलो. दत्तूनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. अन् त्याचा चेहरा पडला होता. 'आपल्या हातनं गाडी बिघडली' असंच त्याला वाटत होतं, हे मला स्पष्ट कळलं, आणि मला त्याचं बरं वाटलं! साखरपुड्याच्या दिवशी! पोरीच्या बापाबद्दल!

कार्यालयाच्या दारात व्याही स्वतः उभे होते. कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, पांढरा सदरा, झुबकेदार मिशा. बोलणं कमी, अशी त्यांची ख्याती. आम्ही थांबताच त्यांनी पुढं होऊन, मोठ्या मनानं, हौद्याचा मागचा फाळका स्वतःच्या हातानं खाली पाडला.

"जरा मागं घ्या पाव्हनं," ते म्हणाले. "पायरीला लावा, म्हंजे उचलाया सोपं."

मी गाडी मागे घेतली. व्याही पायरीवर उभे राहून हातानं खुणावत होते, "या... या... या... बास!"

मी थांबलो. म्हणजे गाडी थांबली. पातेलं नाही थांबलं.

गतीत असलेली वस्तू आपली गती सोडायला तयार नसते. हा जडत्वाचा नियम मी जन्मभर शिकवला. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, असा प्रयोग करायचो आणि तोही निम्म्या वेळा फसायचा. इतकं सुंदर प्रात्यक्षिक मला नोकरीत एकदाही जमलं नव्हतं! पातेलं फाळक्यापर्यंत सरकत गेलं, काठावर अडलं, कलंडलं आणि फडक्यासकट सगळा मठ्ठा व्याह्यांच्या अंगावर गेला.

कार्यालयातली सनई तेवढी चालू होती. बाकी सगळं थांबलं. मनीषा वरच्या खिडकीतून बघत होती, आणि तिनं तोंडावर धरलेला हात मला खालून दिसत होता. ठरलेलं लग्न मोडायला याच्यापेक्षा लहान कारणं पुरली आहेत. व्याह्यांच्या मिशांतून मठ्ठा ठिबकत होता. एक कोथिंबिरीचं पान कानाला चिकटलं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते सांगायला लाज वाटते. 'मी सांगत होतो सर्व्हिसिंग करा' हेच वाक्य जिभेवर होतं.

पण दत्तू माझ्याआधी उतरला होता. लंगडत पुढे गेला, खांद्यावरच्या उपरण्यानं व्याह्यांचा चेहरा पुसू लागला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आण्णाची चूक न्हाय ह्यात, पाव्हनं. आण्णा कवापास्नं म्हनत हुतं गाडी दाखवू. मीच ऐकलं न्हाय. काय बोलायचं ते मला बोला."

माझं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

व्याह्यांनी मिशीवरून जीभ फिरवली. विचार केला.

"मीठ जरा कमी हाय," ते म्हणाले.

आणि मग जे हसणं फुटलं! सनईवालाही हसला आणि सनई थांबली. मनीषा खिडकीतून हसत होती, डोळे पुसत. व्याही कपडे बदलायला आत गेले. दत्तू मात्र फाळक्यापाशी खाली मान घालून उभा होता. तेव्हा सुनंदा ओटीचं सामान घेऊन गाडीतून उतरली.

"भावजी, तुम्ही का मनाला लावून घेता?" ती म्हणाली. "गाडीला काही झालेलं नाही. ह्यांच्या डाव्या पायानं होतंय ते."

"डाव्या पायानं?" मी.

"गाडी थांबवायची झाली की तुमचा तो पायपण दणकन खाली जातो ना? तो गेला की झटका बसतो. आज मधोमध बसले होते, नीट दिसलं."

मी मनातल्या मनात गाडी चालवून पाहिली. समोर सिग्नल... उजवा पाय हळूच ब्रेकवर... आणि डावा? जन्मभर क्लचच्या गाड्या चालवलेला माझा डावा पाय, नसलेला क्लच शोधत, पूर्ण ताकदीनं ब्रेकवर पडत होता! दत्तूचा डावा पाय दुखरा, तो मुकाट्यानं कडेला पडून राहायचा. म्हणून त्याच्याकडं झटका नाही!

"मग याआधी का बोलली नाहीस?" मी ओरडलो.

"पाय हलतो ते दिसायचं की. मला वाटलं, तसंच चालवायचं असतं. तुम्ही विज्ञानाचे मास्तर!"

खात्री करायला तिथंच चाचणी झाली. दत्तूच्या सांगण्यावरून मी डावा पाय मांडी घालून सीटवर घेतला, जेवायला बसल्यासारखा, आणि साऱ्या वऱ्हाडासमोर कार्यालयाला फेरी मारली. गाडी लोण्यासारखी थांबली. टाळ्या पडल्या. साखरपुड्यात नवऱ्या मुलाला पडल्या नसतील तेवढ्या!

जेवणं झाल्यावर दोघं भाऊ कार्यालयाच्या पायरीवर बसलो. कसं सुरू करावं ते मला कळत नव्हतं. दत्तूच म्हणाला, "मला वाटलं, आण्णाला वाटतंय मी गाडी नीट ठेवत न्हाय."

"वाटत होतंच," मी म्हणालो. "नुसतं वाटत नव्हतं, बोललोही तसं. चुकलं माझं."

"जाऊ द्या की." मग तो म्हणाला, "पर आण्णा, तेल एकदा बदलूनच टाकू. तुमी म्हनत हुता ते बरुबर हाय."

"अरे, आता कशाला? झटका माझ्या पायाचा होता. चालतंय ते चालू दे."

"न्हाय, न्हाय. जुनी गाडी हाय, दाखवाया पायजे."

"उघडली आणि बंद पडली तर माल कशात नेशील?"

बघता बघता आवाज चढले. आम्ही पुन्हा तेच भांडण भांडत होतो, फक्त बाजू बदलून! सुनंदानं विड्याचं ताट आमच्या मधे ठेवलं, तेव्हा आम्हाला ते कळलं आणि दोघंही गप्प झालो. पण या खेपेचं गप्प बसणं वेगळं होतं. बरं वाटणारं.

दत्तूनं पुढच्या आठवड्यात गाडी सलीमभाईंकडे लावलीच. तेल निघालं ते काकवीसारखं काळंभोर. म्हणजे सर्व्हिसिंग हवंच होतं. माझं म्हणणं खरं ठरलं, फक्त त्यामागचं कारण साफ चुकीचं होतं. सलीमभाई तेलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मैं बोल्याच था!" ते काय बोलले होते, ते विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

पुढं केमच्या रानातल्या वाटेवर दत्तूनं वहिनीला गाडी शिकवली. तिनं आयुष्यात क्लच पाहिलेला नसल्यामुळे तिला विसरायचं काहीच नव्हतं. आता रविवारी गाडी सुनंदा चालवते, झटका म्हणून बसत नाही. मी शेजारी बसतो आणि प्रत्येक सिग्नलला, समोर नुसतं रबरी पायपुसणं आहे हे माहीत असूनही, दोन्ही पायांनी ब्रेक दाबतो.