अमावास्येला चाललेला माग

लहानपणी माझी पक्की समजूत होती की अमावास्येला चंद्र आमच्या मागाच्या खड्ड्यात येऊन निजतो. त्या दिवशी सोलापुरातल्या आमच्या आळीतले सगळे हातमाग बंद असत. माझे वडील, आप्पा, सकाळीच माग पुसून घेत, त्याला हळदकुंकू लावत, वर धुतलेलं धोतर पांघरत आणि मला खड्ड्यापासून लांब हाकलत. "निजलंय त्ये. उठवू नगंस," म्हणत. काय निजलंय हे त्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणून मग मीच ठरवून टाकलं. शेजारच्या मुलींनाही मी ते पटवून दिलं होतं. एकीनं शंका काढली तर तिच्याशी मी बोलणंच टाकलं.

आळीत बहुतेक घरं तेलुगू बोलणाऱ्यांची, आमचं घर मराठी. पण कामाला कुठली आली भाषा? पहाटे रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताण्याचे उभे धागे पसरलेले असत आणि बायका-पुरुष कुंचल्यांनी त्यांना खळ लावत चालत. उजाडता उजाडता त्या ओल्या धाग्यांवरून एक फिकट उजेड सरकत जाई. मी उंबऱ्यावर अर्धवट झोपेत बसून बघत राही. मला वाटे, ही सगळी माणसं सकाळच विणतायत. गटारातून कधी तांबडं, कधी निळं पाणी वाहे. मग ऊन वर आलं की घराघरांतून वीण घट्ट करणाऱ्या फणीचे ठोके सुरू होत. त्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागे की अमावास्येला दुपारी तो नसला तर मी दचकून जागी होई.

आमचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. आप्पा काठावर बसत आणि पाय खाली खड्ड्यात, लाकडी पावड्यांवर. एक पाय दाबला की अर्धे धागे वर, दुसरा दाबला की उरलेले. मी आप्पांना बघितलं ते बहुतेक कमरेपासून वर. त्यांचे पाय जमिनीचेच आहेत असं मला वाटे. "आप्पा, गड्ड्याच्या जत्रेला न्या की," असा हट्ट धरला की ते हसून म्हणत, "पाय खड्ड्यात हैत बाळा, हिंडू कसा? एवढं लुगडं उतरू दे." एक लुगडं उतरे, दुसरं चढे. गिरण्यांचं स्वस्त कापड बाजारात आल्यापासून तर त्यांना मान वर करायला फुरसत नसे. संक्रांतीची ही जत्रा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भरे, आणि तरी आमचं जाणं होत नसे. याचा मला तेव्हा फार राग येई. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

एका उन्हाळ्यात आप्पा तापानं गेले. मागावर जांभळं लुगडं अर्धं विणलेलं होतं, किरमिजी काठाचं. ते तसंच राहिलं. आई रोज त्याच्यावरची धूळ झटकी, तुटलेला धागा दिसला तर गाठ मारी, पण माग चालवीना. आमच्या आळीत बाईनं सुताच्या कांड्या भरायच्या, खळ लावायची, धागे जोडायचे. मागाच्या खड्ड्यात बाई उतरत नसे. का उतरत नसे, असं कुणी विचारतही नसे. मी मात्र संध्याकाळी हळूच खड्ड्यात वाकून बघे. आप्पांना नेलं तेव्हा चादरीखाली पाय होते की नाही हे मला दिसलं नव्हतं. ते खालीच राहिले असतील असं मला वाटत होतं.

पावसाळा सरला आणि कुंभारीहून मामा बैलगाडी घेऊन आला. मामा आईचा थोरला भाऊ. मनानं चांगला, पण एकदा बोलला की बोलला. त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं. आम्ही दोघींनी त्याच्या घरी राहायचं, आईनं शेतात हात लावायचा, आणि मागाचं लाकूड गाडीत घालून न्यायचं, गोठ्याला उपयोगी पडेल.

"विणणारा गेला बाय. आता ह्ये विणकराचं घर ऱ्हायलं न्हाय," तो म्हणाला. "माग ठिवून काय करतीस? त्याची पूजा?"

मामा पोचला तो दिवस अमावास्येचा होता, म्हणून मागाला हात लावता येईना आणि बिऱ्हाडही हलवता येईना. माग उद्या सकाळी सोडवायचा आणि निघायचं असं ठरलं. बैल दारात रवंथ करत बसले. मला बैल आवडले होते, पण गोठ्याला लागणार असलेल्या आमच्या मागाकडे बघवत नव्हतं. मला रडू येत होतं आणि रडले तर मामा चिंचा देऊन गप्प बसवील हेही ठाऊक होतं, म्हणून मी रडले नाही.

त्याच दिवशी सरकारचा माणूस यायचा होता. चार दिवसांपूर्वी चौकात दवंडी झाली होती, की सरकारी विणकाम मास्तर येऊन आळीतले चालू माग बघणार. कशासाठी, हेही दवंडीवाल्यानं सांगितलं असेल, पण तिथपर्यंत ऐकायला कोण थांबलं? आळीनं अर्थ लावून टाकला होता. सरकार माग मोजतंय म्हणजे मागावर पट्टी बसवणार. आळीतले सगळ्यांत थोरले म्हातारे, ज्यांना आम्ही सगळेच ताता म्हणत असू, त्यांनी पारावर बसून सांगितलं, "बरं झालं, अमावास्येलाच येतोय. माग झाकून ठेवा. विचारलं तर बंद आहेत म्हणा. खोटं तर नाहीच." या हुशारीवर आळी दोन दिवस खूष होती.

मास्तर दुपारी आला. उंच, किडकिडीत, डोक्यावर फरची टोपी, हातात छत्री. नाशिककडचा मोमीन विणकर होता आणि सोलापुरात नवाच आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तो दारोदार थांबून विचारी आणि दारोदार एकच उत्तर मिळे.

"माग बंद हाय, साहेब."

"कधीपासून?"

"बंदच हाय की."

मी उंबऱ्यावर बसून त्याला येताना बघत होते. रस्ता रिकामा, ऊन पांढरं, कुठं फणीचा ठोका नाही. तो मोठा माणूस त्या शांततेतून असा चालत येत होता, जणू त्याला कुणी झोपेतच चालवतंय. त्याचे खांदे हळूहळू खाली येत होते. प्रत्येक दाराशी तो आत डोकावी, झाकलेला माग बघे आणि मान हलवून पुढे सरके. पारावर तातांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

घरात मामा जेवून आडवा झाला होता. आई बराच वेळ दाराआडून बाहेर बघत उभी होती. मग तिनं पदर खोचला, मागावरचं धोतर काढून घडी घातली आणि खड्ड्यात उतरली.

मी ओरडणार होते. चंद्र निजलाय, असं म्हणणार होते. पण आईचे पाय खाली गेले आणि ती जराशी थबकली. पावड्या आप्पांच्या पायांनी झिजल्या होत्या, त्यांत खोलगट जागा झाल्या होत्या. त्या जागा तिच्या पायांना सापडल्या असाव्यात, कारण तिनं डोळे मिटले आणि तिच्या तोंडून अगदी बारीक आवाजात "हितंच हैत" असं आलं. मग तिनं आडव्या धाग्याचा धोटा फेकला आणि फणी ओढली.

ठोका वाजला. बंद आळीत तो किती मोठा वाजला म्हणून सांगू! मामा ताडकन उठून बसला.

"येडी झालीस का? अवस हाय! आन् त्यो सरकारी माणूस आळीत फिरतोय. पट्टी बसंल की!"

"बसू दे," आई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "पट्टी बसली तरी चालंल दादा. पण ह्या घरात माग हाय म्हणून बसू दे."

मामा उठून बैलांना कडबा टाकायला गेला.

मास्तर दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे तेवढ्यात सगळी आळी जमली होती. बाई मागावर, आणि तीही अमावास्येला! तेलुगूत आणि मराठीत एकदमच कुजबूज सुरू झाली. मास्तरचं तिकडे लक्ष नव्हतं. तो फक्त आईच्या हातांकडे बघत होता. तिचा धोटा मध्येच अडके, धागा तुटे, ती जोडी आणि पुन्हा फेकी.

"कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"बघून बघून येतंय, साहेब."

"सगळी आळी म्हणते माग बंद आहेत. मी तसंच कळवणार होतो. सरकारनं हातमागवाल्यांसाठी सूत धाडलंय. सूत केंद्रातनं न्यायचं, विणायचं, कापड सरकारी दुकानात विकायला ठेवायचं. झटक्याचा धोटाही बसवून देतो, दोरी ओढली की आपोआप पळतो. पण चालू माग असेल त्यालाच. इथं तर मागच मेलेत म्हणायचे."

तातांचा चेहरा मला अजून दिसतो. आईनं हातातला धोटा खाली ठेवला. खरं तर ती गप्प बसली असती तरी तिचं काम झालंच होतं.

"मेले न्हाईत साहेब," ती म्हणाली. "आज अवस हाय. अवसंला आमच्यात मागाला इसावा असतोय. सरकार पट्टी लावंल म्हणून भ्याली बिचारी मानसं. तुमी उद्या या. उद्या हितं बोललेलं ऐकू यायचं न्हाय."

मास्तर एकदम मोठ्यानं हसला. "आमच्याकडं जुम्म्याला विसावा असतो," म्हणाला. "येतो उद्या." छत्री उघडून तो आला तसाच रिकाम्या रस्त्यानं परत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आळीत फणीचे असे ठोके सुरू झाले की मामाचे बैल बुजले. मामानं त्यांना शांत केलं, गाडी जुंपली आणि रिकामीच कुंभारीला नेली. जाताना माझ्या हातावर चिंचा ठेवल्या आणि आईला म्हणाला, "जमलं न्हाय तर निरोप धाड." आई हो म्हणाली. अमावास्येला माग चालवला म्हणून देवाला नारळ फोडायला हवा, असं तातांनी बजावलं होतं. तो नारळ आईला आणावा लागला नाही. ताता स्वतः घेऊन आले आणि आमच्या उंबऱ्यावर फोडून, खोबरं माझ्या हातात देऊन गेले.

सूत मिळण्याआधी आपल्या हातचं एक कापड केंद्रात नेऊन दाखवायचं होतं. आईकडे एकच होतं. जांभळं लुगडं तिनं पुरं केलं आणि आम्ही दोघी ते घेऊन गेलो. मास्तरनं ते मेजावर उलगडलं आणि तळवा फिरवत फिरवत मध्यावर आला, तिथं त्याचं बोट थांबलं. तिथं आडवी रेघ होती. तिच्या अलीकडे वीण घट्ट, पलीकडे थोडी सैल. फणी ओढणारा हात बदलला की कापड ते लपवत नाही.

"अलीकडचा हात मालकांचा?"

"व्हय."

त्यानं लुगडं नीट घडी करून विक्रीच्या बाजूला ठेवलं. आईचा हात जरासा पुढं झाला, मग तिनं तो मागं घेतला आणि सुताचा गठ्ठा उचलला. परतताना ती भराभर चालत होती. मला तिच्या मागून पळावं लागलं.

ते लुगडं सरकारी दुकानात दर्शनी भागात टांगलं होतं. शाळेतून येताना मी रोज वाट वाकडी करून ते बघून येई. वाऱ्यानं हलत असे. आप्पा वरच्या बाजूला, आई खालच्या, आणि मध्ये ती रेघ. मग एक दिवस ते तिथं नव्हतं. मी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, नेलं कुणीतरी, गावातलीच बाई होती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी बाजारात, नळावर, देवळात बायकांची लुगडी न्याहाळत फिरले. जांभळं दिसलं की मागोमाग जायचं आणि निऱ्यांमध्ये ती रेघ शोधायची. बायका मला हटकत. त्या वर्षी आई मला गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेली. पाळणे, दिवे, बत्तासे, सगळं होतं, आणि मी मात्र त्या एवढ्या गर्दीत लुगडीच बघत होते. धुळीत आणि दिव्यांच्या उजेडात सगळीच लुगडी जांभळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी आई मागावर बसलेली असताना मी तिला विचारलं, "आई, आप्पांचं लुगडं कुटं दिसलं तर त्या बाईला हाक मारू का?"

आईनं झटक्याची दोरी ओढली. धोटा पळाला, परत आला. तिनं मान वर केली नाही.

"हाक मारू नगंस," ती म्हणाली. "लई वरसं खड्ड्यात बसून हुते. हिंडू दे त्यास्नी जरा."