पाव्हण्यांनी सैल केलेला चाकू

मी दुरुस्त केलेल्या वस्तू आमच्या घरात माळ्यावर राहतात. एक मिक्सर आहे, एक भिंतीवरचं घड्याळ आहे आणि एक इस्त्री आहे, तिला हात लावायला आता मीच घाबरतो. बायको स्क्रूड्रायव्हर डाळीच्या डब्यात लपवते. सासुरवाडीला यातलं सगळं ठाऊक होतं. पण जावयाच्या तोंडावर बोलणार कोण?

सासुरवाडी मिरजगावापासून आत, कच्च्या रस्त्यानं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. पंचाहत्तरीला टेकलेले, अंगात जुनी साखर, पण बोरींना डोळे भरावेत तर त्यांनीच. गावठी बोरीच्या सालीला चीर द्यायची, चाकूच्या टोकानं साल हलकेच उचकटायची, चांगल्या जातीच्या बोराचा डोळा आत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. दिसायला एवढंच. मी भरलेला एकही डोळा आजवर फुटलेला नाही. मामांचा सहसा वाया जात नाही. या कामासाठी त्यांच्या बंडीच्या खिशात एक घडीचा चाकू असतो. लाकडी मूठ, पातं झिजून अर्धं झालेलं.

एका शनिवारी आम्ही दोघं तिथं गेलो होतो. ओट्यावर बसल्या बसल्या मला पेरू कापायची हुक्की आली. चाकू मागितला. उघडेना. नख पात्याच्या खाचेत घालून जोर लावला, तर पातं जागच्या जागी आणि नख अर्ध्यात तुटलेलं. मामांनी चाकू घेतला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत पातं धरलं, कट्‌कन उघडलं आणि फोडी करून माझ्या हातात ठेवल्या.

"जरा घट हाय त्यो," एवढंच म्हणाले.

आतून मामी हसल्या. बहुतेक मांजराला हसल्या असतील, पण माझ्यातला कारागीर दुखावला.

मामा जेवून आडवे झाले आणि मी खुंटीवरच्या बंडीतून चाकू काढला. विचारायचं काय त्यात? वाटीभर डिझेलमध्ये बुडवला, जुन्या टूथब्रशनं सांध्यातली घाण काढली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. तरी घट्टच. मग दिसलं, की पातं ज्या रिबिटावर फिरतं ते रिबीटच कुणीतरी ठोकून चपटं केलंय. असेल कुणी अडाणी, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. कानशीनं रिबिटाचं डोकं घासलं, सांध्यात बारीक पाचर घालून जागा केली. तासाभरानं मनगट झटकलं की पातं बाहेर, पुन्हा झटकलं की आत.

मामा उठल्यावर सिनेमातल्या गुंडासारखं दोनदा झटकून दाखवलं. त्यांनी चाकू हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पात्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"लई झ्याक झालाय, पाव्हणं," म्हणाले. "लोन्यावानी चालतोय."

मी फुललो. बायकोनं तेवढ्यात विचारलं, "त्यांना विचारून केलंत ना?"

"चांगल्या कामाला कुणी विचारतं का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या मागोमाग शेतात गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं; माझा चाकू कसा चालतो ते बघायचं होतं. एका रात्रीत तो माझा झाला होता. मामा बोरीसमोर उकिडवे बसले. चीर छान पडली. मी म्हटलं, "बघा, आता जोरच लागत नाही." त्यांनी मान डोलावली, टोक सालीखाली घातलं आणि साल उचकटायला पात्याच्या पाठीवर जोर दिला. पातं मिटलं. मूठ धरलेल्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटावर.

साखरेनं बोटं बधिर झालेली, त्यांना कळायला वेळ लागला. रक्त आधी मला दिसलं.

मिरजगावच्या दवाखान्यात टाके घातले. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माजंच ध्यान न्हवतं."

नवव्या दिवशी बोटाचं टोक काळं दिसायला लागलं. मग त्यांना आणि मामींना नगरला आमच्याकडे आणलं. इथले डॉक्टर म्हणाले, आठ दिवस वाट बघू, सुधारलं नाही तर वरचं पेर काढावं लागेल. मामांनी एकच विचारलं, "चिमूट धरता यील का?" डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

एक दिवसाआड मी त्यांना स्कूटरवरून ड्रेसिंगला न्यायचो. पट्टी सुटली की मी खिडकीबाहेर बघायचो, आणि मामा माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय न्हाई, बरं हाय आज." ते बरं नव्हतं. घरी मी आलो की ते दुखरा हात छातीशी धरून उठायचे आणि मला खुर्ची द्यायचे. मामी पहिली भाकरी मलाच वाढायच्या. लहानपणी माझ्या हातून काही बिघडलं की पाठीत चप्पल यायची. इथं ताटात दुधावरची साय येत होती.

एका दुपारी मामा आत झोपले होते, तेव्हा न राहवून मीच म्हटलं, "मामी, माझ्यामुळं झालं हे. शिव्या तरी द्या."

त्या लसूण सोलत होत्या. "तुमाला काय ठावं? त्यो मागं असाच मिटला हुता, अंगठ्यावर. तवा त्येनी सोताच रिबीट ठोकून घट केला."

म्हणजे तो अडाणी आतल्या खोलीत झोपला होता.

"मग सैल झालेला बघून बोलले का नाहीत?"

"जावयाला काय बोलायचं?" मामींनी पाकळी वाटीत टाकली. "पिशवीत दुसरा चाकू हुता की. पन तुमी म्होरं उभं हुता. तुमाला वाईट वाटंल म्हनून ह्योच काढला."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी पेर काढलं.

जखम भरल्यावर त्यांना गावी सोडायला गेलो. डोळे भरायचे दिवस संपत आले होते. मामांनी पहिल्यांदा सैल चाकू उघडून दगडावर ठेवला, मला मूठ धरायला लावली आणि रिबिटावर हातोडीचे तीन घाव घातले. मग चाकू तसाच उघडा घेऊन आम्ही बोरीशी गेलो, मामी पाण्याची कळशी घेऊन मागं. चीर त्यांनी दिली, साल उचकटली, पण डोळा चिमटीत ठरेना. दोनदा मातीत पडला.

"पाव्हणं, तुमी बसवा."

मी बसवला.

"उलटा हाय! आवं, कोंब वर करा की! हालू नगा! काय मानूस हाय का कोन, एवढं बी कळंना?"

मामींनी कळशी खाली ठेवली. "आवं! जावई हायत ते."

"मंग? जावई म्हनून गप बसलो, तवाच बोट गेलं न्हवं?"

मामाच ओशाळल्यासारखे झाले. मी डोळा सुलटा केला आणि पट्टी बांधली. इतके दिवस मागत होतो ते मिळालं होतं, पण वाटलं होतं तेवढं हलकं काही वाटलं नाही.

मामा चाकू मिटून पुढच्या बोरीशी गेले. तिथं उघडायला घेतला. अंगठा पात्यावर टेकला. शेजारचं बोट जिथं पोचायला हवं तिथं पोचलं नाही. दोनदा ओढून पाहिलं. मग वर न बघता चाकू माझ्यापुढं धरला.

"उघडा."

मी नख खाचेत घालून ओढलं. नख तुटलं, पण पातं उघडलं. चाकू त्यांच्या हातात दिला आणि तुटक्या नखाचा हात पाठीमागं लपवला.