शरयूकाकूंनी शोधलेले आजोबा

शरयूकाकू वर्तक मला पहिल्यांदा भेटल्या त्या २०१५ साली, ऑकलंडातल्या हिल्सबरोच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात. अल्बनीचं कॉलेज अर्ध्यावर सोडून मी तिथे गल्ल्यावर उभा राहत होतो. काकूंनी दोन पेन्सिली घेतल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मराठी ना? गाडी चालवता येते? मग शनिवारी मला लायब्ररीत ने." नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

काकूंनी पुण्यात जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली. इथे मुलाकडे राहायला आल्यावर शेजारच्या नोरीन मल्विहिल या आजींशी त्यांची कुंपणावरून मैत्री जमली. इकडून कोथिंबीर, तिकडून लिंबं. सत्त्याऐंशी वर्षांच्या नोरीनआजींची एकच इच्छा होती. त्यांचे आजोबा पॅट्रिक आयर्लंडहून आले, ऑकलंडात वारले, पण कुठे पुरले ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावाचा दगड बसावा," असं त्या म्हणत. काकूंनी ते मनावर घेतलं.

या घराण्याचं मूळ आयरिश आडनाव म्हणजे संत मायकलचा भक्त. इंग्रजी कारकुनांच्या हाती पडल्यावर त्याचं कुठे मल्विहिल झालं, कुठे मल्विल, कुठे मेल्विल आणि कुठे तर चक्क मिचेल. मी वैतागायचो. काकू म्हणायच्या, "समोरचा माणूस दमलेला, लिहिता न येणारा. कारकुनाने ऐकलं तसं उतरवलं. मीही उतरवलंय, शिव्या कशाला घालतोस?" त्यांचा नियम मात्र कडक होता. तीन वेगवेगळे कागद एकच गोष्ट सांगेपर्यंत वहीत पेन्सिलनेच लिहायचं.

तो नियम मी मोडला. नोरीनआजींची नात मेव हिच्यासाठी मी वेडा झालो होतो, हे इथे लपवत नाही. दफनभूमीच्या नोंदवहीत पॅट्रिक मल्विहिल हे नाव हुबेहूब दिसताच काकूंना न विचारता मी थेट आजींच्या घरी धडकलो. रविवारी आजी फुलं घेऊन त्या कबरीवर गेल्या, रडून आल्या.

सोमवारी काकूंनी त्या माणसाची मृत्यूनोंद मागवली. ती आली तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "अरे शहाण्या, हा अविवाहित वारला. बिनलग्नाच्या माणसाला नातवंडं दिलीस तू!"

"पण आडनाव तर तेच होतं!"

"आडनावच तेवढं होतं."

मग त्या माझ्याबरोबर आजींकडे आल्या. मी तोंड उघडण्याआधीच आपल्या तुटक इंग्रजीत त्यांनी सांगून टाकलं, "चूक माझी. तपासायचं काम माझं होतं." मेव म्हणाली, "प्लीज, आता माझ्या आजीला आणखी त्रास नको." आणि दार लागलं.

गाडीत मी म्हणालो, "सोडून देऊ या, काकू."

"त्या पोरीसाठी करत असशील तर खुशाल सोड. आजींसाठी करायचं असेल तर शनिवारी नऊला ये."

मी पावणेनऊला गेलो.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. काकूंनी वाटच बदलली. "आडनाव बाजूला ठेव. मुलांची नावं बघ." जुन्या आयरिश घरांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवत, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. "आमच्याकडेही नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात की," काकू म्हणाल्या. आजींचे वडील थोरले, टिमथी. त्यांच्या पाठचे भाऊ कॉर्नेलियस. म्हणजे वराचा बाप टिमथी आणि वधूचा बाप कॉर्नेलियस, असं लग्न शोधायचं. ते मिळालं पॅट्रिक मेल्विलच्या नावावर. मग चर्चच्या वहीत आजींच्या वडिलांचा बाप्तिस्मा मिळाला, आईबाप तेच. शेवटी दफनाच्या नोंदीतलं बायकोचं नावही जुळलं. तेव्हा कुठे काकूंनी माझ्याकडे पेन मागितलं.

तिन्ही कागदांच्या प्रती त्यांनी आजींच्या पत्रपेटीत टाकल्या, सोबत एक ओळ: "पटलं तरच बोलवा." संध्याकाळी आजी स्वतः काठी टेकत कुंपणापाशी आल्या.

दगडावर कोणतं आडनाव कोरायचं, असं कारागिराने विचारलं. मी सांगायला पुढे झालो, तर काकूंनी माझा दंड धरला. "आपण शोधणारे. ठरवणाऱ्या त्या." आजींनी मल्विहिल सांगितलं. २०१८ च्या वसंतात दगड बसला. नव्वदीच्या आजींनी त्यावर हात ठेवला आणि एखाद्या लहान मुलीसारखं म्हणाल्या, "हॅलो, ग्रँडॅड." मी तोंड फिरवलं. काकू मात्र अक्षरं तपासत होत्या.

मेवचं लग्न झालं, माझ्याशी नव्हे. ते असो.

काकू आता पंचाहत्तरीत पाऊल टाकत आहेत. आणखी चार घरांनी आपापली हरवलेली माणसं त्यांच्या हवाली केली आहेत. माउंट वेलिंग्टनच्या एका बाईंची तर अख्खी पणजीच सापडत नाही. म्हणून मागतो ते सरळ मागतो: काकूंच्या डोळ्यांना आणि गुडघ्यांना पुष्कळ वर्षं बळ राहो, जीभ आहे तशीच तिखट राहो. आणि "आता वय झालं, घरी बसा," असं त्यांना कुणी सांगू नये. सांगितलंच, तर गाठ माझ्याशी आहे.