वन्संना मारलेली हाक

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं. धारहून आलेलं. चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, म्हणून मी तशीच उंबऱ्यात बसून राहिले… आमच्या वन्सं गेल्या. यमुना त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण माझ्याहून वर्षाने मोठी. आता महिना होऊन गेला. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "नणंदा-भावजयांचं एवढं प्रेम कुठं पाहिलं नाही हो!" मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, दुःखानं. दुःख आहेच, पण मान त्यासाठी खाली जात नाही.

लग्न होऊन देवासला आले तेव्हा मी चौदाची. वन्संचं लग्न झालेलं होतं, पण जावई शिकायला परगावी, म्हणून त्या माहेरीच असायच्या. मामंजी दरबारात कारकून; हौशी माणूस. लेकीला त्यांनी पेटी आणून दिली होती. त्या काळी ही केवढी गोष्ट! दुपारची झाकपाक झाली की वन्सं माडीवर जायच्या आणि मी सुपारी कातरायच्या निमित्तानं मागोमाग. एकदा कानावर पडलेलं पद त्यांच्या बोटांतून जसंच्या तसं यायचं. एखादा सूर चुकला तर स्वतःच्याच बोटाला चापट मारायच्या, "कुठं चाललास रे भिया?" म्हणून, जणू ते बोट त्यांचा भाऊच. मी खुदखुदायचे. सासुरवासात मला कुणी हसवलं असेल तर त्यांनीच.

त्या वर्षी दक्षिणेकडची एक मराठी नाटक कंपनी आली. नवं कोरं संगीत नाटक, आणि त्याचा पहिला प्रयोग आमच्या गावात, दरबारापुढे! आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. हाटपिपल्याहून लोक गाड्या जुंपून आले. बायकांची बसायची सोय एका अंगाला, बांबूच्या कामट्यांच्या चिकाच्या पडद्याआड. मी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. बत्त्यांचा तो लख्ख उजेड, धुपाचा वास, पायपेटीचा पहिला सूर… आणि पडदा वर गेला तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो. नायिकेचं काम करणारा पुरुष आहे हे मला कितीदा सांगितलं तरी पटेना. त्यानं पहिलं पद म्हटलं आणि पुरुषांच्या बाजूनं एकच गिल्ला झाला, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मी घाबरले. म्हटलं, "वन्सं, हे सगळे तुम्हांला का हाका मारताहेत?"

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "अहो वहिनी, ते इंग्रजी आहे. पुन्हा म्हणा, असं सांगतात."

"मग पुन्हा म्हणा असंच का नाही सांगत?"

"तसं शाळेत मास्तर सांगतात. इथं लाडानं सांगायचं असतं."

पुढे तिसऱ्या अंकात नायिकेचं निरोपाचं पद आलं. काय सांगू… माणसं श्वास घ्यायची विसरली होती. पद संपलं, कुणी टाळीसुद्धा वाजवेना. आणि त्या शांततेत चिकाच्या आडून एक बायकी आवाज खणखणीत उठला, "वन्स मोअर!"

तो माझा आवाज होता. मी ओरडले हे मला ओरडल्यावर कळलं.

सगळ्या माना वळल्या. नायिका चिकाकडे बघून हसली, आणि मग सगळा मांडव हसत सुटला. पुढच्या रांगेतून सासूबाई वळल्या. चेहरा पांढराफटक. "कोण ओरडलं गं?"

मी शेजारी बसलेल्या वन्संचा हात घट्ट धरला आणि तोंडून एवढंच निघालं, "वन्सं…"

मी त्यांना हाक मारली होती. मला वाचवा, म्हणून. सासूबाईंना ते उत्तर वाटलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, फार नाही, पापणी लवेपर्यंत. मग म्हणाल्या, "हो, मीच." आणि मी? मी गप्प बसले.

घरी आल्यावर सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "हे सगळं त्या पेटीनं केलं." मामंजींचंही चाललं नाही. पेटी देवळात देऊन टाकली, आणि जावयांचं शिक्षण व्हायचं होतं तरी वन्संना धारला सासरी धाडलं. दमणीत बसताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मोठ्या भावाची बायको म्हणून. तेव्हाही मी बोलले नाही. सासूबाई त्यानंतर वीस वर्षं जगल्या. वीस वर्षांत एक दिवस मिळाला नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू? वन्संनी पुन्हा पेटीला हात लावला नाही.

पुष्कळ वर्षांनी आम्ही मांडूला सहलीला गेलो होतो. बाकीची मंडळी महाल बघायला गेली, आम्ही दोघी तळ्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसलो. मी कसंबसं म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं नव्हतं हो. हाक मारली होती."

"ठाऊक आहे. तुम्ही हाक मारलीत, मी ओ दिली. शेंगा सोला."

मला वाटलं, सुटले. घरी आल्यावर उमगलं की मी माफी मागितलीच नव्हती, सबब सांगितली होती.

परवा महिन्याच्या श्राद्धाला धारला गेले. त्यांची नात बेबी, दहा वर्षांची, हिंदी शाळेत जाते, खिरीचं पातेलं घेऊन वाढत होती. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मामीआजी, वन्समोर?"

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"खीर और लो ना! आमच्या घरी दुसऱ्यांदा वाढताना असंच म्हणतात. आजीनं सिखाया. तिनं एकदा थेटरात असं जोरात म्हटलं, तो सब देखते रह गए! मालूम है तुम्हांला?"

सगळी पंगत कौतुकानं हसली. मी तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, "बेबी, ती आजी नव्हती. मी ओरडले होते. बोलणी तिनं खाल्ली."

पोर म्हणाली, "आजीला डाँट पडली, तब तुम्ही कुठे होतात?"

"तिथंच," मी म्हटलं. "तिचा हात धरून बसले होते."

खिरीनं भरलेली पळी माझ्या वाटीवर धरून, न वाढता, न मागे घेता, बेबी तशीच उभी राहिली…