भिंतीवरचं वाडगं

आमच्या आणि थोरल्या जावेच्या अंगणांच्या मध्ये कंबरेइतकी भिंत आहे. वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी मिळून ती घातली. गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा दिल्या आणि काम संपल्यावर त्याच भिंतीवर बसून दोघांनी चहा प्याला. त्यांची वाटणी झाली, भांडण झालं नाही. भांडण आम्ही जावांनी केलं, आणि तेही वाटणीवरून नव्हे, आमटीवरून.

माझ्या लेकीच्या लग्नातली गोष्ट. आमच्याकडं पंगतीत येसराची आमटी नसली तर नवरानवरी सात फेरे घालोत नाहीतर सत्तर, ते लग्न लागलं असं कुणी धरत नाही. आचारी होता, पण येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ, मी घरी भाजला होता आणि फोडणीला स्वतः उभी राहिले होते. थोरलीनं भरल्या पंगतीत एक भुरका मारला आणि नव्या व्याह्यांच्या देखत म्हणाली, "ही आमटी हाय का खळ?"

खळ! भिंतीवर पोस्टरं चिकटवायची! मी ह्याच गावात, नांदूरघाटात, जन्मभर मास्तरकी केलेली बाई. माझ्यासमोर मोठमोठ्या पुढाऱ्यांनी पाढे म्हणलेत, चुकले की कान धरलेत. मी म्हणाले, "मंग नका खाऊ." ती म्हणाली, "न्हाई खात." तिथून जो अबोला सुरू झाला तो माझे मालक गेले तरी सुटला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता.

आता अबोला म्हणजे बोलणं बंद असं नव्हे. भिंतीला भिंत लागून राहायचं तर ते परवडत नाही. नळाला पाणी येतं, लाइट जाते, कुणाच्या तरी दहाव्याला जायचं असतं. म्हणून आम्ही शेळीशी बोलायचो. शेळी माझी, पण बांधलेली भिंतीलगत. मी म्हणायचे, "अगं शेळे, नळाला पानी आलंय, ज्याला भरायचं त्यानं भरावं." पलीकडून उत्तर यायचं, "शेळे, तुज्या मालकिणीला सांग, लोक झोपलेले होते तवाच आमचं भरून झालं." शेळी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं बघायची आणि रवंथ करत राहायची. गावात तिच्याइतक्या कानगोष्टी कुणाला ठाऊक नव्हत्या.

आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर थोरले दीर गेले. झोपेतच गेले बिचारे, कुणाला तसदी न देता.

दिवस होईपर्यंत मी तिच्याच घरात होते. भाकरी थापल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं, बोलले मात्र नाही. तिच्यासमोर ताट ठेवलं की ती ते शेजारी बसलेल्या बाईकडं सरकवायची. सुतकात कुणाला भूक असते, असं मला वाटलं. मग पाहुणे पांगले. पुण्याहून आलेला तिचा लेक "माझ्यासंगं चल" म्हणून मागं लागला. ती म्हणाली, "चौथ्या माळ्यावर मी काय करू? खाली बघू?" तो बिचारा निघून गेला आणि भिंतीपलीकडं ती एकटी राहिली.

मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आवाज. सकाळी तिच्या घरातून भाकरी थापायचा आवाज यायचा, थप थप थप, घड्याळ बघायची गरज नसायची. तो बंद झाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून टोस्टचा पुडा आणि दूधपिशवी येताना दिसायची, बस्स. चोळीच्या बाह्या तिच्या दंडावर लोंबायला लागल्या. दिवसभर ओट्यावर बसून राहायची, काही निवडत नाही, काही टिपत नाही, नुसती बसायची.

तरी मी म्हटलं, होईल, माणूस गेलंय, वेळ लागतो. पण एक दिवस माझी शेळी दावं तोडून भिंतीवर चढली आणि पलीकडचा कढीपत्ता खाऊ लागली. त्या झाडावर थोरलीचा भारी जीव. पूर्वी शेळीनं नुसतं तोंड वर केलं तरी ती माझ्या सात पिढ्या काढायची. मी आत उभी राहून शिव्यांची वाट बघत होते. शेळीनं झाड पार खराटा केलं. थोरली समोर बसून बघत होती, आणि एक शब्द बोलली नाही.

मी लगेच भिंतीशी गेले. "अगं शेळे, जेवलं का म्हणावं कुणी?" उत्तर नाही. "शेळे, कुणाला बरं नसलं तर सांगावं." उत्तर नाही. शेळीसुद्धा माझ्याकडं चमकून बघायला लागली.

लेक रोज फोनवरून तोंड दाखवायचा. "आई, जेवलीस का?" ही रिकामं ताट उचलून दाखवायची, "हे बग, आताच जेवले." धुतलेलं, कोरडं ठणठणीत ताट! त्याला पुण्यात बसून ते खरकटं वाटायचं. मग त्यानं ताकदीच्या पुडीचा डबा पाठवला, चॉकलेटच्या वासाचा, दुधातून घ्यायचा. थोरलीनं तो भिंतीवरून वाकून शेळीच्या घमेल्यात रिकामा करायला सुरुवात केली. रोज एक चमचा, अगदी डबा संपेपर्यंत. शेळीच्या अंगावर अशी तुकतुकी आली की बाजाराच्या दिवशी लोक भाव विचारायला लागले.

शेवटी मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला गाठलं. बोलायला तिखट पण पोरगी गुणाची. ती काटा घेऊन आली, थोरलीचं वजन केलं, रक्तदाब बघितला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मावशी, हे नुसतं पोटाचं नाही, मनाचं पण आहे. केजच्या डॉक्टरांना दाखवा. औषध ते देतील, पण पोटात काही गेलं पाहिजे. एकटं म्हातारं माणूस स्वतःसाठी करून खात नाही हो. असंच राहिलं तर थंडी निघायची नाही त्यांना."

थंडी निघायची नाही! मी घरी येऊन बसले. माझी लेक नांदायला गेली, मालक गेले, दीर गेले. आता ही पण गेली तर उभ्या गावात मला 'खळ' म्हणणारं कोण उरणार होतं?

तिच्या लेकानं येऊन तिला केजला नेलं, गोळ्या सुरू झाल्या. पोटाचं मात्र कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून मी एक शक्कल काढली. एका वाडग्यात मेथीची भाजी भरली आणि भिंतीवर ठेवून दिली. आमच्यात कुणाचं भांडं आलं तर रिकामं परत देत नाहीत. घरात मयत असो की मोर्चा, भांड्यात काहीतरी घालायचंच. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मी हिशेब केला, वाडगं परत करायचं म्हणजे हिला चूल पेटवावी लागेल, आणि चूल पेटली की दोन घास पोटात जातील.

संध्याकाळी वाडगं परत आलं. आत काय? चमचाभर साखर. बघा बाईचा कावा! रीत पाळली आणि चूलही पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी वरण पाठवलं, साखर आली. पिठलं पाठवलं, साखर आली. माझी सकाळ-संध्याकाळच्या चहाची सोय झाली, दुसरं काय.

मग मला राग आला. राग आला की मला सुचतं, हा माझा जुना गुण आहे. मी हुलग्याचे शेंगोळे केले, पण मुद्दाम बिघडवून. पीठ सैल भिजवलं, लसूण करपवला, मीठ घातलंच नाही. पातेल्यात जे झालं त्याला खरंच खळ म्हणायला हरकत नव्हती. वाडगं भरून भिंतीवर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शेळे, आज शेंगोळे लई झ्याक झालेत गं! माझ्यासारखे उभ्या नांदूरघाटात कुणाला जमत न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडं धूर दिसला. मी पदर खोचून भिंतीशी उभी. दुपारी वाडगं आलं. आत शेंगोळे, बोटभर लांबीचे, एकसारखे वळलेले, वरून लसणाचा खमंग तडका. आणि पलीकडून आवाज आला, कितीतरी दिवसांनी, "शेळे, तुज्या मालकिणीला सांग, ह्याला शेंगोळे म्हनत्यात."

मला इतका आनंद झाला की मी शेळीचा मुका घेतला.

मग काय, रोजचंच झालं. मी धपाटे चिवट करायची, तिकडून लुसलुशीत यायचे. मी अंबाडीची भाजी आंबट ढाण करून पाठवायची, तिकडून ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाचं तेल ओतून यायची. जवसाची चटणी, कारळाची चटणी, वरणातल्या चकोल्या. आता उगाच मोठेपणा सांगत नाही, त्यातलं निम्मं वाईट मी मुद्दाम करायची आणि निम्मं आपोआप व्हायचं. आणि हेही सांगून टाकते. मालक गेल्यापासून मीसुद्धा स्वतःसाठी धड काही करत नव्हते. सकाळी चहा-टोस्ट, रात्री चहा-टोस्ट, मध्ये भूक लागली तर टोस्ट. वर्गाच्या भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता लावून पोरांकडून घोकून घेणारी बाई मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान. थोरलीच्या हातचं खाऊन माझे गुडघे दुखायचे थांबले, तोंडावर टवटवी आली. देवळात बायका विचारायला लागल्या, काय औषध चालू हाय?

तेवढ्यात सिस्टर पुन्हा काटा घेऊन आली. मी मोठ्या ऐटीत तिला थोरलीकडं पाठवलं आणि भिंतीशी उभी राहिले. सिस्टर बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "वजन अजून घटलंय." मग मलाही काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "मावशी, तुमचं वाढलंय, त्यांचं घटलंय. तुम्ही त्यांचं खाताय की काय?"

मला धरणी दुभंगून आत जावंसं वाटलं. चूल पेटते, धूर निघतो, थप थप ऐकू येतं, मग अन्न जातंय कुठं? सगळंच माझ्या वाडग्यात? त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी वाडग्यात दूधभाकरीचा काला भरला, म्हटलं, निदान मऊ तरी जाईल घशाखाली, आणि भिंतीवर ठेवला.

संध्याकाळी वाडगं परत आलं. धुतलेलं. रिकामं.

आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामं? मला? आणि मग एकदम लक्षात आलं. ही बाई चार दिवस उपाशी राहील, पण रिकामं भांडं पाठवायची नाही. काहीतरी झालंय. मी तशीच, पायात चप्पल न घालता, रस्त्यानं वळसा घालून तिच्या दारातून आत शिरले. दिरांचे दिवस सोडले तर लेकीच्या लग्नानंतर त्या दारातून मी गेले नव्हते.

थोरली चुलीपुढं बसली होती, तिला काहीच झालेलं नव्हतं. टोपल्यात भाकरी, पातेलं भरून शेंगोळे, तिच्यासमोर एक ताट वाढलेलं. त्यातला तुकडाही मोडलेला नव्हता.

"भांडं रिकामं कावून पाठवलं?" मी ओरडले. शेळीबिळी काही नाही, सरळ तोंडावर.

"तू भांडायला यावीस म्हनून," ती म्हणाली. "आलीस की न्हाई?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुला काय वाटलं, मला कळत न्हाई व्हय? येवढं वंगाळ कुनी चुकून करीत न्हाई. म्हनलं करू दे. ही बया नुसती टोस्टावर जगती, आपून करून धाडलं तर तिच्या पोटात तरी दोन घास जातेल. आजूक किती दिस भिंतीवरून देऊ? हात भरून येतेत आता."

मी तिला वाचवायला निघाले होते, आणि हाडं उरलेली ही बाई रोज चुलीपुढं बसून मला जेवू घालत होती!

"आन तुमी?" मी विचारलं. "तुमी कावून खाईनात?"

ती ताटाकडं बघत राहिली. "खायाचं असतंय. वाढून बी घेते. पर लगीन झाल्यापून त्यांच्या आदी कदी जेवले न्हाई. ते जेवायचे, ताट सारायचे, मंग त्याच ताटात मी बसायची. आता बी वाढते आन बसून ऱ्हाते. ते जेवल्याबिगर माजी पाळीच येत न्हाई गं."

मला रडू आलं, स्पष्ट सांगते. त्या सिस्टरला, त्या डॉक्टरांना आणि मला शहाणीला हे कुठून सुचणार होतं! आमच्या घरात आणखी एक रीत आहे, धाकट्या जावेनं थोरलीच्या आधी घास घ्यायचा नाही. सून म्हणून आले त्या दिवसापासून, अबोल्यातसुद्धा, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत समोरासमोर आलो तरी, मी ती मोडली नव्हती. मी खाली बसले. तिचं ताट माझ्याकडं ओढलं, भाकरी मोडली आणि तिच्या देखत पहिला घास घेतला. मग दुसरा. थोरली डोळे फाडून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी ताट तिच्याकडं सारलं.

ती हलली नाही.

"मीठ कमी हाय," मी म्हणाले.

"काय?"

"मीठ. लई कमी हाय. तुमचा हात गेला आता."

"माजा हात गेला?" थोरलीनं भाकरीचा तुकडा मोडला, शेंगोळ्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. "कुठं कमी हाय गं? जीभ जळाली व्हय तुजी?"

"कमीच हाय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं भरल्या पंगतीत बघितलं होतं. मीठ अगदी बरोबर होतं. मी डोळे पुसले, आणि खात्री करून घ्यायला तिनं दुसरा घास घेतला.