काकांना मी गोड बोलायला शिकवलं

माझ्या हातून आजवर एकच गाव बुडालं, आणि ते माझंच होतं.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या दशकातली. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीकाठचं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध, आणि त्या बांधाला फाल्गुनातल्या उधाणात खांड पडली. चांगली बैलगाडी जाईल एवढी! भरती आली की खारं पाणी शेतात, ओहोटी लागली की निम्मंच परत. पावसाळ्याच्या आत खांड बुजली नाही, तर पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. मामलेदाराकडे चार अर्ज गेले, आणि तिथेच राहिले. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार गावात येऊन पुढाऱ्याची मुलाखत घ्यायला कबूल झाला. पेपरात आलं म्हणजे सरकार हलणार!

गावाचे पुढारी म्हणजे माझे थोरले काका, नाथाकाका. माणूस सोन्यासारखा, पण तोंड उघडलं की मैलावरचे बगळे उडायचे. मागे पाहणीला आलेल्या सर्कल इन्स्पेक्टरला त्यांनी मनगट धरून ओढत नेलं आणि थेट खांडीत उभं केलं होतं, गुडघाभर चिखलात. ("आता लिव, पानी किती हाय ता!") तो सर्कल पुन्हा गावात फिरकला नाही.

"पेपरवाल्यासमोर काकांना असं सोडून चालणार नाही. मी त्यांना तयार करतो," मी म्हणालो. मी गिरगावात छापखान्यात दोन वर्षं होतो ना! (छपाईचे खिळे जुळवायला होतो. मुलाखती मी फक्त उलट्या अक्षरांत पाहिल्या होत्या. पण हे गावाला कशाला सांगा?)

शिकवणी सुरू झाली. कानावर पेन्सिल खोचून मी बातमीदार झालो.

"काय हो नाथाशेट, गावाची परिस्थिती कशी आहे?"

"तुला ठावं न्हाय? तुजा बापूस सकालपासून काय जेवलाय ता जाऊन बघ!"

"काका, मी बातमीदार आहे!"

"मंग बातमीदाराचा बापूस काय जेवला?"

मी तीन नियम घालून दिले. आवाज चढवायचा नाही. पाहुण्याच्या अंगाला हात लावायचा नाही. विचारलं तेवढंच, हसून, थोडक्यात सांगायचं. आठ दिवस मी त्यांच्या मानगुटीवर बसलो. नवव्या दिवशी काका इतक्या हळू आवाजात "पानी दे गो" म्हणाले, की काकीनं हातातलं काम टाकून त्यांची दृष्ट काढली.

बातमीदार आला. पाहुणा म्हटल्यावर गाव कामाला लागलं. कुणी जिताडा मासा आणला, कुणी कोंबडी, कुणाच्या घरून पितळेची ताटं आली. काकीनं तर राखून ठेवलेलं बियाण्याचं भात कांडायला काढलं.

"काकी, ते बियाणं आहे!"

"मंग पावन्याला तांदलाच्या कन्या वाढू?" काकी म्हणाली.

बातमीदार पोटभर जेवला, विडा लावला आणि त्यानं वही उघडली.

"गावात फार हाल आहेत, असं ऐकलं?"

काका हसले. (नियम तिसरा!) "छे छे. देवाच्या किरपेनं सगला बरा हाय."

मी खोकलो. काकांना वाटलं, आवाज चढला. त्यांनी तो आणखी खाली आणला.

"पण बांध फुटलाय ना?"

"फुटलाय जरासा. खाडीचा शेजार, चालायचाच."

"भात पिकतं?"

"आता जेवलाव ना तुमी? कसा होता?"

"फारच गोड होता!" बातमीदारानं तेही लिहून घेतलं.

"साहेब, खांड बघायला चला, दहा मिनिटांवर आहे!" मी अक्षरशः हात जोडले. त्यानं घड्याळ पाहिलं, आगबोटीची वेळ झाली होती. तरी तो बिचारा उठत होता, तेवढ्यात काकांनीच मला दटावलं, तेही हळू आवाजात. "पावन्याला चिखलान नेतोस? धोतार खराब व्हईल त्यांचा!"

पाहुणा गेला आणि मी डोकं धरून ओट्यावर बसलो. "काका, असं का बोललात?"

"घरी आलेल्या मानसासमोर रडू?"

"सर्कलला तर सगळं सांगितलं होतंत!"

"तवा राग आलता. रागानं मांगला त हक रं, हलू मांगला त भीक. राग तू काढून घेतलास. मंग ऱ्हायली ती भीक, ती मना मांगता येत न्हाय."

मला त्या क्षणी खरोखर रडू आलं.

आठवड्यानं पेपर आला. मथळा होता 'खाडीकाठचे एक सुखी गाव'. पुढाऱ्यांचे मृदु भाषण, माशांचे विविध प्रकार आणि येथील तांदळाची अवीट गोडी, असं सगळं त्यात होतं. मामलेदारानं ते कात्रण आमच्या चारही अर्जांना टाचलं आणि अर्ज परत पाठवले. मग गावानं स्वतःच माती टाकली, घरटी एक माणूस. मीही टोपल्या वाहिल्या. ज्येष्ठातल्या उधाणानं दोन तासांत सगळी माती नेली. त्या वर्षी आमच्या शेतात फक्त खेकडे पिकले.

मी तोंड लपवून हिंडत होतो, तोच शेजारच्या गावातून चार माणसं मला शोधत आली. मला वाटलं, मारायला आली!

"मास्तर, तुमीच ना नाथाशेटला बोलाया शिकवला?" त्यातला म्हातारा म्हणाला. "आमच्या पाटलालाबी शिकवा. पोरीला बघाया मानसा येनार हायत, आन घरान त दाना न्हाय."

गेलो. शिकवलं. सोयरीक पहिल्याच बैठकीत जमली!

तेव्हापासून खाडीकाठच्या सगळ्या खारेपाटात माझं नाव झालं. घरचं दारिद्र्य झाकायचं असेल तर मला बोलवावं, आणि जगाला दाखवायचं असेल तर आधी मला कोठीत कोंडून बाहेरून कडी लावावी.