माझ्या हातचं मीठ

लग्न होऊन नरपडच्या घरात आले तेव्हा नवऱ्याचं प्रेशर आधीपासूनच वाढलेलं होतं. वय जेमतेम सत्तावीस. हे मला लग्नानंतर कळलं, पण खापर माझ्यावर फुटायला वेळ लागला नाही. पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी जाहीर केलं, "सूनबाईचा हात मिठाला सैल आहे."

मी तलासरीच्या शाळेत शिकवते. सकाळी डबे भरायचे, एसटी पकडायची, दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि घरात पाऊल टाकलं की प्रश्न ठरलेला: आज आमटीत किती घातलं होतंस? डहाणूच्या डॉक्टरांकडे प्रेशर चढलेलं निघालं की त्या दिवशी माझी उलटतपासणी. पुढे मिठाची बरणीच सासूबाईंच्या ताब्यात गेली. स्वयंपाक मी करायचा, मीठ त्या घालणार. सुके बोंबील तर घरातून हद्दपार झाले. समुद्रकाठी राहून मी ते शेजारणीकडे जाऊन खायचे. तरी प्रेशर उतरेना. गोळ्या दोनाच्या चार झाल्या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ही चोरून घालत असणार.

सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते, ऐन चाळिशीत, मेंदूत रक्तस्राव होऊन. त्यांची बहीणही तशीच गेली. त्यांच्या वरणात काही मी मीठ घातलं नव्हतं. हे एकदा तोंडावर बोलले, तर घरात कितीतरी दिवस अबोला. मग बोलायचंच सोडून दिलं. दमले होते मी.

गेल्या वर्षी एका लग्नाहून परतताना आम्ही चारोटीला जेवायला थांबलो. जेवण झालं आणि नवऱ्याला खुर्चीवरून उठताच येईना. पायांत ताकदच नव्हती. वेटर गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं, साहेबांना जास्त झाली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर पोटॅशियम अगदी तळाला गेलेलं. डॉक्टरांनी वापीला, हार्मोनच्या डॉक्टरांकडे धाडलं.

ते गुजराती, पण मराठीत नीट समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात. त्यांचं एक हार्मोन शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. नवऱ्याच्या शरीरात ते गरजेपेक्षा फारच जास्त बनत होतं. त्यांनी वडिलांचं विचारलं, आत्याचं विचारलं आणि जनुकांची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, मीठ कमीच खायचं. पण हा रोग तुमच्या रसोड्यातून नाय आला. यांच्या वडिलांकडून आला."

खरं सांगते, मला आनंद झाला. नवरा शेजारी पडेल चेहऱ्यानं बसला होता आणि मी मनात सासूबाईंना सुनवायची वाक्यं जुळवत होते.

"मुलं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक मुलगी. अकरावीला."

"तिची पण टेस्ट करा. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी असते."

वाक्यं जागच्या जागी विरून गेली.

अकरावीतल्या पोरीचं प्रेशर कोण मोजतं? ती डोकं दुखतंय म्हणायची, मी म्हणायचे, मोबाइल कमी बघ. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून मोजलं, पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हातावर मोजलं. शेवटी रक्त घ्यायला सांगितलं. रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. त्या काळात मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि पुढचा शब्द आठवायचा नाही.

तोच दोष निघाला. लवकर सापडलंय, गोळीनं ताब्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. गोळी मात्र जन्मभर.

संध्याकाळी सगळे चहाला बसलो होतो. पोरगी रिपोर्ट वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "म्हणजे हे पप्पांकडून आलंय. आईच्या मिठानं काहीच झालेलं नव्हतं."

सासूबाईंनी मान खाली घातली. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

हे वाक्य कुणीतरी या दोघांसमोर बोलावं म्हणून मी इतकी वर्षं तळमळले होते. शेवटी माझी लेक बोलली, आणि मला रडू आवरेना. वाटलं, माझ्या मिठाचाच दोष असता तर किती बरं झालं असतं. मीठ मी उद्यापासून बंद केलं असतं.